वरच्या वस्तीचं पाणी

हॅलो?… हो एन्तेला, मिमोझाच बोलतेय, पंपघरातून… नाही गं, रडत नाहीये, जिना चढून आलेय म्हणून धाप. तू बस आधी. बसलीस?… पंप आपल्याकडेच राहिले.

हो, हो… आपल्याकडेच. बाहेरच्या कंपनीला द्यायचं रद्द झालं. आत्ताच नगरपालिकेत मतदान झालं, सगळे हात वर… नगराध्यक्षांचासुद्धा.

अगं ऐक ना. गेल्या ऑगस्टात वरच्या वस्तीत ऐन लग्नाच्या दिवशी पाणी गेलं होतं, आठवतंय?… तेच, नवरी मावशीकडे नाहायला गेली ते. तेव्हाच नगराध्यक्ष म्हणाले, तुमच्याच्यानं होत नाही, कंपनीला देऊ. मी एक वर्ष मागून घेतलं आणि मोजायला लागले… काय म्हणजे? कुठला पंप किती वेळा बंद पडतो, दुरुस्तीनंतर किती दिवस टिकतो, किती कामं आपण बिघडायच्या आधीच करतो. भिंतीवर फळाच लावला, सगळ्यांना दिसेल असा.

पेत्रित?… नावच काढू नकोस. आमचा सगळ्यात तरबेज मेकॅनिक, पंप अडला की गाव त्यालाच हाक मारतं. असा भडकला… म्हणे, "मास्तरीणबाई, आता माझ्या हातांना मार्क देणार का?" कितीतरी दिवस कॉफीलासुद्धा वेगळा बसायचा.

छे, मी कुठली समजावतेय त्याला. झालं काय, सगळे शिव्या घालायचे जुन्या पंपाला, आणि फळ्यावर दिसलं, तो बिचारा बरा चालत होता. पडायचा तो नवाच. आणि दर वेळी घाईच्या दुरुस्तीनंतर थोड्याच दिवसांत… हो ना, पेत्रितच्याच. एकदा फळ्यापुढे उभा राहिला तो हलेचना. मग म्हणाला, "खाली लोक बोंबलत असतात. मोटर आणि पंप नीट एका रेषेत आणायला वेळ कोण देतं मला?" मी म्हटलं, मी देते… दिला की. वस्तीला आधी सांगून पंप बंद ठेवला. खाल्ल्या शिव्या.

त्यानंतर?… अख्खा उन्हाळा गेला, एन्तेला, एकदाही पडला नाही. ऑगस्ट सरत आला आणि आई अंगणात नळ सोडून गालिचे धुतेय. पाणी साठवायच्या पिंपांत मिरच्या लावल्यात तिनं.

सभेत? पेत्रितच उठला गं. कंपनीच्या माणसानं विचारलं, बिघाड झाल्यावर तुम्ही किती लवकर पोचता? तर हा शांतपणे म्हणतो, "या उन्हाळ्यात जावंच लागलं नाही, साहेब." मग अशी हसली सगळी सभा…

येते ना ग्रीसला, तुझ्याकडे… पण या आठवड्यात नाही. उद्या नवा पंप बंद करून उघडायचाय… नाही गं, काही झालं नाही त्याला. चांगला चाललाय, तोवरच बघायचं… हो, वस्तीत कळवलंय. आईलाही… काही नाही, गालिचा घासत होती. वर न बघताच म्हणाली, "कर बंद. तू सांगशील तेव्हा येतंच की पाणी."

…हो. आपली आई.

…ऐकतेयस ना?… आता तू रडू नकोस. ठेवते.