शेवटच्या कडव्यातलं नाव

आमची कमलआत्या आज बालाघाटात रेकॉर्डिंग स्टुडिओची मालकीण हाये, पन तिच्या रागाले तिरोडी गावचे लोक अजूनबी भेतात. तिथं एकदा भीमजयंतीले दुसऱ्या गायन पार्टीचा राजेश गाऊन राह्यलता, आन् गाणं कोनतं? ज्याच्या रेकॉर्डिंगानं आत्याचं नाव झालं, तेच. आपल्या भीमगीतात शेवटच्या कडव्यात रचनाऱ्याचं नाव येते. हा गावोगावी तिथं आपलंच नाव घालते, हे आत्याच्या कानावर आलं होतं. म्हून ती मुद्दाम पह्यल्या रांगेत बसली.

शेवटचं कडवं आलं. राजेशची नजर आत्यावर पडली आन् तो थांबला. पेटी वाजून राह्यली, पन नाव काही निघे ना. आत्या उठली, मंचावर गेली, माइक हिसकून घेतला आन् कडवं पुरं केलं. नाव घेतलं ते सखूचं. सखू म्हंजे माही आजी, आत्याची माय.

राजेश हळूच म्हने, "ताई, मंग तुमच्या रेकॉर्डिंगात तुमचं नाव कसं आलं?"

आत्या म्हने, "जसं आज तुह्यं येनार होतं, तसंच."