हळू आवाजाची पेटी

कौसाबाई : उठू नका. मी सांगस ना, उठू नका! पडी ऱ्हा तसंच.

लोटन : अगं, चक्कर उनी, इतलंच. तो वूफर स्पीकर कोठे शे? खाले पडना का? कागद फाटी जाई त्याना.

कौसाबाई : जाऊ द्या त्याले मसनमा! ओढीसन अंगणमा टाकी दिधा मी. तुमना डोळा पांढरा व्हई ग्यात, अन तुम्हले त्याना कागदनी पडेल शे! स्वप्नाली, आयकी ऱ्हायनी ना बेटा?

स्वप्नाली : हो आई, ऐकतेय. फोन पप्पांच्या छातीपासून लांब धर. पप्पा, नेमकं काय करत होतात तुम्ही?

लोटन : काही नही बेटा. गाडीसले टेप बसाडानं दुकान बंद करं तवय माल उरेल व्हता ना... जीपना दारना दोन स्पीकर, डिक्कीमाधला एक मोठा वूफर. म्हटलं, घरले टेप बनाडू. पलंगनी फळी कापी, पेटी करी. वूफर फळीवर बसाडी ऱ्हायंतू.

स्वप्नाली : बसवत होतात म्हणजे कसं?

लोटन : फळी समोर, वूफरना मांगला चुंबक छातीले टेकाडेल. छातीनं दाबं की दोन्ही हात मोकळा ऱ्हातस बोल्ट आवळाले. जिंदगीभर तसंच आवळेल शे.

स्वप्नाली : छातीला? मशीन बसवलंय त्याच बाजूला? अहो पप्पा, सुरतच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, पेसमेकरजवळ लोहचुंबक आणायचं नाही म्हणून!

लोटन : ध्यानमा व्हतं ना! म्हनीसन तर ट्रॅक्टरनी ट्यूब कापी अन छातीले बांधी. रबरमाईन करंट जास का? रबरवर उभा ऱ्हाईसन मी चालू तार धरेल शे.

कौसाबाई : करंट जास नही. चुंबक जास. गोधडी शिवताना सुई हरपस, तवय मी काय करस? तुम्हीच दिधेल ते चुंबक गोधडीवर फिरावस. लुगडं, चिंध्या, सगळामाईन सुई ओढाईसन येस. तठे रबरनं काय चालनार?

लोटन : ...हां. हाई ध्यानमाच उनं नही मन्हा.

स्वप्नाली : आई, मी हॉस्पिटलला फोन लावते. तू नाडी धरून बस. ठोका चुकतोय असं वाटलं तर लगेच मला सांग. ठेवते.

(फोन बंद. कौसाबाईंची बोटं लोटनच्या मनगटावर.)

लोटन : चाली ऱ्हायनी का?

कौसाबाई : बोलू नका... चाली ऱ्हायनी.

लोटन : बरोबर?

कौसाबाई : मले काय समजस बरोबर का चूक? चाली ऱ्हायनी, इतलं समजस.

लोटन : कौसा, आते खरं सांगस. मले भेव वाटी ऱ्हायनं. डोळासमोर अंधार उना तवय तुले हाक मारी मी. पण आवाजच निंघना नही.

कौसाबाई : काहीतरी पडानं आयकू उनं मले. मले वाटनं मांजर व्हई. तव्यावर भाकर व्हती. ती उलटी, मंग उनू मी. भाकर उलटत बसनू! तेवढामा तुम्हले काही व्हई जातं तर?

लोटन : व्हयनं नही ना.

कौसाबाई : पण कसाले हाई सगळं? घरमा टीव्ही शे, मोबाइल शे. कोनले पाहिजे व्हता टेप?

लोटन : तुन्हासाठे.

कौसाबाई : मी कधी मांगा?

लोटन : मांगा नही. पण मशीन बसाडं तवयपाईन तू झोपस का? राते मन्ही छातीले कान लावस. मी झोपानं सोंग करस. घर इतलं गुपचूप ऱ्हास का मन्हा ठोका मलेच आयकू येतस, अन मंग मले बी झोप येस नही. म्हटलं, भजन लाई देऊ रातभर. घरमा आवाज ऱ्हायना तर तू आयकनं सोडशी.

कौसाबाई : तुम्हले माहीत व्हतं?

लोटन : तुन्ही नथ टोचस छातीले. माहीत नही पडावं का?

कौसाबाई : थांबा, फोन वाजना. हां बेटा, बोल.

स्वप्नाली : आई, बोलले मी. चुंबक लांब केलं की मशीन आपोआप पहिल्यासारखं चालतं म्हणाले. बहुतेक काही बिघडलं नसेल. पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आजच आणा. मी सुरतला हॉस्पिटलच्या दारातच थांबते. आपले गाडीवाले भावेशभाऊ तुम्हाला न्यायला नवापूरहून निघालेत.

लोटन : 'बहुतेक' म्हनात का?

स्वप्नाली : ...हो पप्पा. बहुतेक.

कौसाबाई : भावेशले सांग, गाडीना टेप बंद ठेव म्हना. अन तुन्हा पप्पाले मी मधमा बसाडसू. त्याना दारमा बी स्पीकर शेतस.

स्वप्नाली : आई, त्याने काही होत नाही गं.

कौसाबाई : नही व्हवो. मी मधमाच बसाडसू. ठेव आते, वाटवर लक्ष ठेव.

लोटन : कौसा, ती पेटी भंगारवालाले दी टाक.

कौसाबाई : का म्हनीसन? इतली मेहनत करी, पलंग तोडा मन्हा! परत उनूत का, तुम्ही तठे लांब खाटवर बठजात अन सांगजात. बोल्ट मी आवळसू.

लोटन : तुले जमी?

कौसाबाई : सुई धरस मी, पाना बी धरसू.

लोटन : अन भेव?

कौसाबाई : ते कोठे जास? ऱ्हाईच.

लोटन : मंग पेटी व्हयनी का पहिलं गाणं असं वाजाडू, असं वाजाडू का चौफुलीवरल्या ट्रकवालासले आयकू जाई!

कौसाबाई : नही. हळूच लावा. तुमना श्वास आयकू येवाले पाहिजे मले.