तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, नारीन आगारातील चालक आणि कारागीर बंधुभगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती बुरुलचा एजे,

वयानं मोठ्या असलेल्यांनाही ज्यांना ‘एजे’, म्हणजे थोरली बहीण, म्हणावंसं वाटतं, त्या आज निवृत्त होत आहेत. एकतीस वर्षं त्यांनी इंजेक्टर तपासले. आत मटण गार होतंय, याची मला जाणीव आहे. तरी थोडं बोलू द्या.

इंजेक्टर करतो तरी काय? पंप डिझेल जोरानं दाबतो, नोझलमधली सुई उचलली जाते, केसाएवढ्या छिद्रांतून डिझेलचं धुकं उडतं आणि तापलेल्या हवेत पेटतं. लगेच सुईनं दार लावायचं. घट्ट.

बारा वर्षांपूर्वी, जानेवारीत, बिश्केकच्या गाडीचा तिसरा इंजेक्टर एजेंनी यंत्रावर लावला. फवारा थांबल्यावर खाली टीपकागद धरला. कागद ओला झाला.

“ओरोझअली, ही गाडी सोडू नकोस.”

गाड्या सोडणारा अधिकारी मीच. म्हणालो, “अहो एजे, एका थेंबानं काय आभाळ कोसळतंय? चोवीस माणसं बसलीयत आत.”

“थेंब फरशीवर पडला तर पुसता येतो. पिस्टनवर पडून जळत राहिला, तर पुसायला तू जाणार आहेस?”

बदलायला इंजेक्टर शिल्लक नव्हता. त्यांनी वहीत ‘सोडू नये’ असं लिहून सही केली. मी तोच इंजेक्टर परत बसवायला लावला आणि गाडी सोडली.

दोलोन घाटात पिस्टनला भोक पडलं. इंजिन बंद, हीटर बंद, बाहेर उणे चौतीस. चालक एसेनगुलनं आपला कोट एका म्हातारीला दिला आणि मदत आणायला तो चालत निघाला. बर्फ काढणारी गाडी दुसऱ्या बाजूनं आली. चोवीस माणसं वाचली. एसेनगुल सकाळी सापडला.

चौकशी लागली, तेव्हा वहीतलं ते पान मी फाडलं. ठपका एजेंवर आला, त्यांचा हुद्दा उतरवला गेला. एसेनगुलची बायको समोरच बसली आहे. तिला हे आज, आत्ता कळतंय.

एजे गप्प का राहिल्या? मी विचारलं होतं. त्या नोझल पुसत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “तू आता घाबरशील. तुला काढलं तर नवा माणूस येईल. तो घाबरणार नाही.”

खरंच, त्यानंतर त्यांनी नको म्हटलेली एकही गाडी मी सोडली नाही.

महोदय, पुढच्या महिन्यात मीही जातोय. माझ्या जागी येणारा तरुण अधिकारी दुसऱ्या रांगेत आहे. हुशार आहे, हसतमुख आहे. इंजेक्टर आता डब्यातून तयार येतात, तपासायचं यंत्र विकून टाकू, असं काल तो मला म्हणाला. त्याच्या हातून अजून काहीच घडलेलं नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर तेवढं माफ करा. केलेलं मात्र माफ करू नका.