पाळीची माती

परेश : ह्या वॅक्स लावल्यान कोणी, मामा? भिंतीक गिलावो केल्यासारखा थापलेला आसा. फटीफटीत सुकान पांढरा पडला.

गोकुळदास : मी लावलंय. बाजारात डबो मिळालो, हाडलंय नि लावलंय. तू काढ म्हटल्यार काढ.

परेश : काढतंय मरे. पण तू नि गाडयेक वॅक्स? जल्मात कधी तिच्यार पाण्याची बादली ओतूक नाय तू.

गोकुळदास : गाडी विकूची आसा. मोप्याचो माणूस संध्याकाळी बघूक येतलो. नव्यासारखी दिसूक व्हयी. तुझा ता मशीन फिरव नि मोकळो हो.

परेश : तसा होना नाय. वॅक्साच्या वयर मशीन फिरवला तर पॅड भरतला नि रंगार वळे उठतले. आधी हो स्प्रे मारूचो, मगे मायक्रोफायबराच्या फडक्यान एका दिशेन पुसूचा. फडक्याची बाजू मळली की परतायची. घाई केली तर उद्या उन्हात सगळा उघडा पडतला.

गोकुळदास : बरा बरा, माका शिकवू नको. डाव्या बाजूक तेवढा जास्त फिरव.

परेश : डाव्या बाजूक कित्या?

गोकुळदास : कित्या म्हणजे? पाळीच्या रस्त्यान जाणा-येणा माझा. थंयच्या खाणीवरल्या टिपरांची तांबडी माती बसता.

नंदा : मालक, धुतल्याली फडकी आणल्यात. सावलीत वाळवली, तुमी सांगितल्यागत.

परेश : ठेवा फळीवर, नंदाताई. ते एक वेगळं काढलंत, ते काय?

नंदा : ह्ये वाळूत पडलं. पडल्यालं फडकं गाडीला लावायचं न्हाई म्हणता न्हवं तुमी? बारीक खडा अडकतो आन् रेघा वडतो.

परेश : बरोबर. ते चाकं पुसायला ठेवा.

गोकुळदास : बाई नवी दिसता. खंयची?

परेश : आजऱ्याकडची. धोंडिबाची बायको.

गोकुळदास : खंयचो धोंडिबा?

परेश : बांधकामार सेंट्रिंग करी तो. नवरात्रात पाळीच्या वळणार टिपराखाली गेलो, ऐकलंस ना तू?

नंदा : खाली न्हाई मालक. धक्का लागला. अंगावरनं चाक गेलंच न्हवतं त्येंच्या. पहाटं दूधवाल्यानं बघितलं, तवर जीव हुता. डाक्टर म्हणाला, रातीच कुणी उचलून आणला असता तर वाचला असता.

गोकुळदास : देवाची इच्छा गे बाये.

नंदा : देवाची कशाची, काका? गाडीवाल्याची. जाते मालक, नळाला पाणी आलंय तवर उरल्याली धुते.

गोकुळदास : हिका हंय कित्या ठेवलंस?

परेश : मगे खंय जातली ती? गावाक दीर घरात घेना नाय. दोन चेडवां पदरात. माझ्या शेडीत फडकी धुता, कोणाच्या दारात हात तरी पसरूक लागना नाय.

गोकुळदास : तुका सगळ्या जगाचो पुळको.

परेश : असां दी. बॉनेट झाला. आता हो डावो मडगार्ड घेतंय... मामा.

गोकुळदास : काय?

परेश : हंय ये. फडको बघ. तांबडो झालो.

गोकुळदास : माती रे. पाळीची माती.

परेश : माती वॅक्साच्या वयर बसता. ह्या खालचा आसा. सबंध बॉनेट पुसलंय, फडको पांढरोच रवलो. कंपनीच्या तांबड्या रंगार पारदर्शक लेप आसता, रंग फडक्याक लागना नाय. हंय लागता. हंय कोणीतरी ब्रशान रंग मारल्यान.

गोकुळदास : गेटाक घासली होती जराशी.

परेश : कोणाच्या गेटाक?

गोकुळदास : आमच्याच.

परेश : तुझ्या दाराक गेट नाय, मामा. ओसरीच्या पेळेच्या वयर बसान मी तुझ्या आंगणात वाढलंय.

(गोकुळदास फळीला टेकून उभा राहतो. मागच्या बाजूला नंदा फडकी आपटते आहे.)

परेश : गाडी कोण चालयत होतो?

गोकुळदास : हळू बोल.

परेश : साईश?

गोकुळदास : तेका कळलाच नाय रे. घरी येवन म्हणालो, बाबा, कुत्रो आडवो इलो. जेवक बसलो नि ताट सरकयलान. मगे माका विचारता, बाबा, कुत्रो 'आई गे' म्हणता काय?

परेश : नि तू काय केलंस?

गोकुळदास : स्कूटर काढून बघूक गेलंय.

परेश : मगे?

गोकुळदास : पडलेलो. झाडीच्या कडेक.

परेश : जितो होतो?

गोकुळदास : काळोख होतो थंय.

परेश : मामा, तो जितो होतो?

गोकुळदास : हात हलयत होतो. पाणी म्हणालो.

परेश : नि तू परत इलंस.

गोकुळदास : म्हटलंय, रस्तो वाहतो आसा, टिपरां जातत, कोणतरी बघतलोच. तेका उचलून न्हेलंय तर विचारतले, तुका कसा कळला? काय सांगू? माझ्या झिलान मारलो म्हणान सांगू?

परेश : आणि मगे रंग. नि रंगाच्या वयर वॅक्स.

गोकुळदास : सोमाराक साईश नोकरेक बोटीर चढता. मुंबईक हजर रवूचा आसा. पोलिसांत नाव गेला तर पासपोर्ट गेलो, बोट गेली, पोर गेलो. रात्री दिवो घालून निजता तो. चार घास पोटात जायनत. एकुलतो एक माझो! तुझ्या मामयेक ह्यातला काय ठावक नाय. तिका कळला तर त्या दिसा ती तुळशीपुढे जीव देतली.

परेश : मामयेक मधी हाडू नको.

गोकुळदास : हाडतलंय! तुझो बापूस गेलो तेव्हा मामयेन, माझ्या पद्मावतीन, आपल्या ताटातलो घास तुका घातल्यान. साईशाक नि तुका एकाच पावाचे दोन तुकडे. ही शेड कोणाच्या जाग्यार उभी आसा? कधी बोललंय तुका? आज बोलतंय.

परेश : विसरूक नाय मी.

गोकुळदास : मगे फिरव मशीन. रंग सारखो कर, गाडी मोप्याक जाता, विषय मिटता. मेलेलो माणूस काय परत येता? सगळो गाव टिपर म्हणता, म्हणां दी.

परेश : मी पण टिपरच म्हणालंय. हिच्या तोंडार म्हणालंय. धोंडिबाच्या शर्टार तांबडा होता, म्हटलंय माती. पाळीत तांबडा दिसला की दुसरा काय सुचतच नाय आमका. लाज वाटता मामा, माझ्या हाताक रोज रंग लागता नि माका कळूक नाय.

गोकुळदास : हो फडको दी हंय.

परेश : कित्याक?

गोकुळदास : दी म्हणतंय ना! ए बाये, हो पण घे बादलीत. साबण घाल भरपूर, डाग रवता नये.

परेश : मामा!

गोकुळदास : गेलो बादलीत. आता कोण काय बघतलो? तू मशीन लाव.

परेश : पॅड चढवलंय. बघ, हातात धरलंय. बटण दाबूक बोट उचलना नाय.

गोकुळदास : मी दाबू?

परेश : हात लावू नको.

गोकुळदास : परेशा, मी तुझ्या पाया पडतंय. मामा असून पडतंय.

परेश : उठ मामा. असा करू नको, माका मेल्यासारखा होता.

नंदा : मालक, ह्ये काय सुटंना वो.

गोकुळदास : माती ती, बाये. भिजत घाल. सुटतली.

नंदा : माती न्हवं, काका. मातीचं फडकं पाण्यात घातलं की बादली लाल हुती आन् फडकं पांढरं हुतंय. हितं पाणी हाय तसंच हाय. साबण लावला, ब्रश मारला, जागचं हलंना. ह्येंच्या शर्टाचं आसंच झालंया.

परेश : त्याच शर्टाचं?

नंदा : दवाखान्यातनं दिला त्यो. रगात गेलं, खांद्यावरचा लाल पट्टा काय गेला न्हाई. समदी म्हणाली पाळीची माती. तुमीबी म्हणालासा. मीबी तेच धरून बसले, आन् धुतेच हाय, धुतेच हाय. म्हटलं, कसली माती बाई ही, मेल्यावर बी माणसाला सोडंना. आता ह्ये फडकं बघितलं आन् हातच थांबला.

गोकुळदास : परेश, गिऱ्हाईक येवची वेळ झाली.

नंदा : ह्योच रंग हाय मालक. आज सकाळधरनं तर हितं येकच गाडी हाय.

परेश : होय.

नंदा : काका, तुमची न्हवं ही गाडी?

गोकुळदास : पाणी दी रे जरा.

परेश : देतंय, मामा. मागितल्यार देवक व्हया माणसाक.

नंदा : मग मालक... ह्ये फडकं धुवू का ठेवू?

गोकुळदास : परेश! पद्मावतीची आण आसा तुका!

परेश : ठेवा, नंदाताई. धुवू नका. घरी जा आणि तो शर्ट घेऊन या. आपण दोघं मिळून जाऊ.

गोकुळदास : मेल्या, मामाच्या घराक आग लावतंस! जेवलंस थंयच—

परेश : जेवलंय. म्हणान पळना नाय, हंयच उभो आसंय. गाडयेची चावी माझ्या खिशात आसा. तू बस थंय स्टुलार. मामयेक मी सांगतंय, दुसऱ्या कोणी सांगूच्या आधी.

नंदा : मालक...

परेश : बोला, ताई.

नंदा : बाकीची फडकी पाण्यात हायत. तेवढी पिळते, मग जाते.