कुंभ्याच्या घाटीतलं गाऱ्हाणं

ऐका. आणि ती बॅटरी बंद कर रे, डोळ्यांवर येते. मधेच कोणी बोललं तर मी उठून निजायला जाईन, सांगून ठेवतो.

माझी पणजी द्वारका, गावची सुईण. एका अवसेला, दिवेलागण झाल्यावर, तिच्या लेकीचा, शेवंतीचा, दीर धावत आला. शेवंती अडली होती! सकाळपासून कळा, मूल येईना. एवढं सांगून तो तसाच तालुक्याला डॉक्टर आणायला पळाला. पणजीनं कंदील उचलला. सडकेनं पोचायला पहाट झाली असती. म्हणून ती कुंभ्याच्या घाटीनं निघाली. एकटी!

घाटीत होता बाबल्या. आपल्याच गावचा हो. त्याची बायको बाळंतपणात गेली, ती पणजीच्या हातांत. पणजीनं शर्थ केली होती, पण नाही वाचली. तेव्हापासून हा तिचा वैरी. पुढं त्याच घाटीत कड्यावरून पडून मेला, तरी वैर मेलं नाही.

आधी कंदील विझला. वारा नाही, काही नाही! मग मागून पावलं. ही थांबली की ती थांबत. मग वाटच फिरली. पडका बांध ओलांडला, पुढं गेली, तर पुन्हा तोच बांध. तीनदा! आणि मग डावीकडून हाक आली. शेवंतीची!

"आये, हय ये गे! माका हय आणून टाकल्यानी!"

पणजी वळली. पायाखालचा धोंडा सुटला, तो गेला खाली... खाली... कड्याच्या काठावर उभी होती ती!

मग तो स्वतःच्या आवाजात बोलला. "माझी गेली. आता तुजीय जातली. सकाळपर्यंत तुका सोडूचंय नाय."

 पणजी तिथंच बसली, हात जोडले, आणि अंधारात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा! तुजां लेकरू वाटेत अडाकलां हा, म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं एकानं घालायचं आणि गावानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, त्याशिवाय ते पुरं होत नाही. पण तिथं गाव कुठला? सगळं चिडीचूप.

"माझ्या चेडवाची, शेवंतीची, सुटका कर, म्हाराजा!"

चिडीचूप.

"आणि ह्या बाबल्याच्या मनातलां वैर काढून टाक. त्येकाव तुझ्या पायाकडे घे, म्हाराजा!"

आणि ऐका! अगदी मानेमागून, जड आवाजात...

"व्हय म्हाराजा!"

लोक म्हणतात, जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. मी नाही मानत. देवानं वदवून घेतलं, वैऱ्याच्याच तोंडून! पणजी उठली. समोर वाट सरळ. ती गाऱ्हाणं घालत उतरली आणि मागून दर खेपेला उत्तर येत राहिलं.

अंगणात शेवंतीची सासू उभी. "तुमच्या वांगडा कोण इलो? बापयमाणसाचो आवाज येय होतो."

 पणजीनं हात धुतले आणि ती आत गेली. कोंबडा आरवायच्या आत मूल रडलं. तो माझा बाप.

म्हणून सांगतो, त्या घाटीनं जाऊ नका. कधीच नाही! मी लहानपणी पणजीला म्हटलं होतं, देव आहे ना, मग भ्यायचं कशाला?  ती म्हणाली, "माझी लेक मराक टेकली होती, म्हणान देव धावान इलो. मजा बघूक गेलंय तर तो कित्याक येतलो?"

त्या बाळंतपणाहून परत येताना ती सडकेनं आली.