खोटा पाच-नऊ

न्हाई न्हाई, बिघाड हाय म्हणतोस तर असंल की — मी कुठं न्हाई म्हणतोय? बस. त्या स्टुलावर नको, पाय हलतोय त्याचा, खाटंवर बस. तर मंठाळवरनं दोन गाड्या बदलून, हा एवढा जड वायरलेस सेट मांडीवर घेऊन आळंदला आलास, कामून, तर आवाज येईना. तुमच्या जवळच्या बसवकल्याणला दुरुस्तीवाले न्हाईत व्हय? हायत की, चांगले चार हायत! असू दे, मला बरंच वाटलं. आता हे बघ, झाकण काढलं — ही स्पीकरची वायर तुटलीय. दिसली? आता तिचं तोंड बघ. चकाकायलंय. आपसूक तुटलेली वायर काळी पडती, सिद्धराम. ही काल तुटलीय, आन कटरनं तुटलीय. लाजू नको रे पोरा, चहा घे, गार व्हायलाय. आमची शोभा शाळेत शिकवून पाचला येती, दाराकडं बघून ती काय लवकर येणार न्हाई.

तुला ठाऊक हाय का, तुझा हा सेट खाणीतला हाय. सिमेंटच्या कारखान्यात मी वायरलेस मेकॅनिक — अठ्ठावीस वर्षं — आन हे सेट खाणीच्या ट्रकांत बसवलेले. त्र्याऐंशी साली नवे आले, जुने भंगारात टाकले, त्यातले सहा मी लिलावात घेतले, त्यातलाच हा एक फिरत फिरत तुझ्याकडं आलाय. आमची सुभद्रा, शोभाची आई, म्हणली, लोक कपाट आणतेत, तुम्ही हे आणलं! मग मी आन शोभा बसलो. खाणीची लाइन वेगळी, आपल्या सेटवर गप्पा मारणाऱ्या हौशी लोकांची वेगळी — लाइन ठरवणारे क्रिस्टल बदलायचे, मग कॉइलमधला पेच केसभर केसभर फिरवत सेट तिथवर आणायचा. त्याला लोखंडी पेचकस लावला की मोजमाप बिघडतंय. शोभानं काय केलं — स्वेटर विणायची प्लॅस्टिकची सुई घेतली, फरशीवर घासली, पेचकस तयार! लायसनच्या परीक्षेला दोघं बसलो तर ती पहिल्या झटक्यात पास, मी दुसऱ्या. अजून चिडवती. असे दोन सेट जोडून टेकडीवरल्या टाकीवर रिपीटर बसवला. एकानं तुझं मंठाळचं बोलणं ऐकायचं, दुसऱ्यानं तेच, त्याच घडीला, जोरात सगळ्यांना ऐकवायचं. सगळ्यांना, सिद्धराम. म्हंजे मला बी. हे तुझ्या ध्यानात नव्हतं वाटतं?

दोन वर्षं ऐकायलोय की मी! हवेत, म्हंजे सेटवर, घरचं काय बोलायचं न्हाई असा नेम, तुम्ही दोघं नेमाचे पक्के — अँटेना किती फूट, बॅटरी किती व्होल्ट, मंठाळात ढग हायत का. रोज ढग! उन्हाळ्यात बी ढग! माझ्या रिपीटरचा नेम हाय, तीन मिनिटं कुणी सलग बोललं की टायमर त्याचं तोंड बंद करतोय. तुझं दर खेपेला अर्ध्यात तुटायचं. मग पाच मिनिटांवर कसं गेलं? आपोआप गेलं व्हय? कुणीतरी टाकीवर चढलं, कुणीतरी टायमर बदलला — जाऊ दे. ते मी तुला सांगायचं नव्हतं.

पण एक गोष्ट मला खटकली, ती सांगतो. गेल्या महिन्यात वाऱ्यानं अँटेना वाकला. चार दिवस. सोलापूरचे डॉक्टर म्हणले, नुसती खरखर हाय. बिदरचे प्रोफेसर म्हणले, चारात एक शब्द कळायलाय. आन तू? शोभानं विचारलं, रिपोर्ट काय? तू म्हणलास — पाच-नऊ! पाच म्हंजे शब्द न शब्द कळतोय, नऊ म्हंजे जोर भरपूर. अगदी शेजारी बसल्यासारखं, असं बी म्हणलास. मी इथं हसून हसून बेजार. शोभा हसली न्हाई. सेट बंद केला आन म्हणली, अप्पा, ह्याला ऐकू येत नसतंय तवा बी हा असंच सांगंल का?

तिला कामून लागलं ते तुला ठाऊक न्हाई. मी सांगतो. भिंतीवरले फोटो तू आल्या आल्या बघितलेस. बुद्धाचा, बाबासाहेबांचा. बघितलेस आन खाली बघितलंस, ते मी बघितलं. हवेत आडनाव नसतंय, नुसतं शोभा, आळंद. भिंत मात्र सगळं सांगती. ती सात-आठ वर्षांची असंल, गुलबर्ग्याला भाड्यानं घर बघायलो. मालक म्हणला, घर तुमचंच समजा. मग गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला ते विचारलं, आन हसून म्हणला — कळवतो. पंधरा दिवस आम्ही सामान बांधून बसलो. सुभद्रा सैपाकापुरती दोन भांडी सोडायची, जेवण झालं की परत बांधायची. शोभा रोज दारात उभी. तो माणूस अजून कळवायलाय बघ! तोंडावर न्हाई म्हणला असता तर राग आला असता, पण दुसऱ्या दिवशी दुसरं घर बघितलं असतं की. असे गोड पाच-नऊ मी जलमभर घेतलेत रे. माझ्या पोरीला तसला रिपोर्ट कुणी दिलेला मला सोसत न्हाई.

चहा पिलास. बघितलं मी, तळापर्यंत पिलास. बरं वाटलं, खोटं कामून बोलू? पण इथं आपण दोघंच हाव. मंठाळात तुझे वडील, श्रीपतराव, त्यांना मी तुरीच्या बाजारात बघितलंय. भला माणूस, हसून बोलतो. हसून बोलणाराचंच मला भ्या वाटतंय. तवा असं कर — घरी जा, त्यांच्या समोर बस, कुणाच्या घरी गेलतो, कामून गेलतो, सगळं सांग. मग सांजच्याला हवेत ये आन मला रिपोर्ट दे. घरचं काय बोलू नको, नेमात राहा, नुसता आकडा दे. ताट भिरकावलं तर एक-एक म्हण. गप बसले तर तीन-दोन म्हण. मी रागावणार न्हाई, शोभा बी न्हाई. जोर कमी असला तर अँटेना उंच करता येतोय, मी म्हातारा असलो तरी टाकीवर चढतोय अजून. खोट्या पाच-नऊला मी काय करू?

ऊठ आता, पाच वाजायला आले. न्हाई, ती यायच्या आत जा. आकडा आल्यावर भेट की तिला. आन हे काय, सेट कुणासाठी ठेवायलास? उचल. वायर तू तोडलीस, घरी बसून तूच जोड — श्रीपतरावांच्या समोर.