सोनालीचं तिसरं वाक्य

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या अभ्यासिकेला आपल्या दुकानावरची खोली देणारे जमालभाई, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, आपलीच जुनी विद्यार्थिनी फौजदार जागृती, पळसदरीहून आलेल्या सोनालीच्या आई सुंदराकाकू, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

या खोलीत निरोप समारंभ पुष्कळ झाले. दर वेळी कुणीतरी नोकरीला लागून जात असे आणि पेढे असत. आज पेढे नाहीत. आज आपण सोनालीला निरोप देतो आहोत, कारण स्पर्धा परीक्षांसाठी तिचं वय उलटलं. अशा वेळी समारंभ करायचा असतो का, असं मला काहींनी विचारलं. मग काय करायचं असतं? तिला नुसतंच जिना उतरून जाऊ द्यायचं?

इथे इंग्रजीचे काळ शिकवते मी, पण तुम्ही ते शिकलात सोनालीकडून. मी फळ्यावर तक्ते काढायचे, तुम्ही जांभया द्यायचात. मग मागून सोनालीचा आवाज यायचा, "ताई, त्याला त्याच्या घरचं विचारा ना!" तिनेच रीत पाडली. नवीन येणाऱ्याने उभं राहून इंग्रजीत तीन वाक्यं बोलायची. काल काय केलं, आत्ता काय करतोय, उद्या काय करणार. आणि इथून कायमचं जातानाही तीच तीन.

जागृती, तुझं पहिल्या दिवशीचं तिसरं वाक्य आठवतं? 'उद्या मी इथे येणार नाही,' असं रडवेल्या तोंडाने म्हणाली होतीस. सोनाली म्हणाली, "वाक्य बरोबर हाय गं, पण खरं नको करू." आज तुझ्या खांद्यावर तारे आहेत. असो.

गेल्या वर्षी फौजदारांच्या तात्पुरत्या यादीत सोनालीचं नाव आलं. आपल्याकडे धीर कुणाला असतो? जमालभाईंचं खाली फ्लेक्स छपाईचं दुकान. त्यांनी त्याच दुपारी सोनालीचा चेहरा खाकी गणवेशावर बसवला आणि पळसदरी स्टेशनच्या वळणावर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला. पुढे अंतिम यादी आली. तिच्यात ती नव्हती. संधी तेवढी एकच उरली होती, तीही गेली. फ्लेक्स मात्र वळणावर तसाच. उतरवायला जाण्याचं धाडस कुणाला होईना. शेवटी सोनालीच स्टूल घेऊन गेली. तेव्हापासून जमालभाई प्रत्येकाला एकच सांगतात, "आधी नेमणुकीची ऑर्डर दाखव, मग फोटो दे."

तो फ्लेक्स काकूंनी गोठ्यावर घातला, फोटो आतल्या बाजूला करून. मी गेले तेव्हा मला म्हणाल्या, "बाय, आता गळत नाय. आन् आमच्या म्हशी रोज सायबीण बघतात." आम्ही दोघीही हसलो. मग काकू वैरण टाकायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

सोमवारपासून सोनाली रसायनीला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जाईल. इथेच शिकवायला राहा, असं जमालभाईंनी तिला परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, "भाई, इथं बसून रोज दुसऱ्यांचं उद्या ऐकायचं. आता नाय जमत."

या उत्तरावर मी खूप विचार केला. आपण शिकवणारी माणसं पटकन म्हणतो की कष्ट वाया जात नाहीत. कधी कधी जातात हो. माणूस चांगलं असतं, अभ्यास पुरा असतो, तरी जातात.

काल ती जिन्यात भेटली. "ताई, समारंभाला येते मी. दोन वाक्यं बोलते. तिसरं नका बोलायला लावू."

मी तिला शब्द दिला आहे. तो पाळणं आता तुमच्या हातात आहे. रीत तिचीच, मोडायचा हक्कही तिचाच. दुसऱ्या वाक्यावर ती थांबेल. तेव्हा मागून कुणी शब्द सुचवू नका, शुभेच्छा देऊ नका, टाळ्या तर नकोतच. ती खाली बसेपर्यंत आपण सगळे नुसते उभे राहू.

जमालभाईंनी जागा दिली, जागृती ड्यूटीतून वेळ काढून आली, आणि काकूंनी आपली लेक इतकी वर्षं आमच्या हवाली केली. सगळ्यांची मी ऋणी आहे. फ्लेक्सचा विषय आज काढायला नको होता, असं कुणाला वाटलं असेल, तर माझं बोलणं पोटात घाला.

ये, सोनाली.